उसने अवसान

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने, मनोविकारतज्ज्ञ या नात्याने, दिलेले व्याख्यान.)



साठ वर्षांचा हा सोहळा आनंदाचा आहे. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपली वाडवडिलांची पिढी हैदराबादेतच राहिली. गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी आणि घरात मराठी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा लिहिता-वाचता यावी, या तळमळीतून पुढच्या दशकात ही शाळा उभी राहिली. अशा मंगल प्रसंगी मी एखादा प्रसन्न विषय निवडावा, असे कार्यवाहांनी मला सौम्यपणे सुचवले होते. त्यांचा मान राखूनही मी आज मेथॅम्फेटामाइन या मादक द्रव्याविषयी बोलणार आहे. त्याचे कारण मी भाषणाच्या ओघात सांगेन. एवढे मात्र आताच सांगते, की ते कारण या सभागृहाच्या बाहेरचे नाही.

मेथॅम्फेटामाइन हे नाव अवघड असले, तरी त्याची टोपणनावे आपल्या मुलांच्या कानांवरून गेलेली असतात : मेथ, क्रिस्टल, आइस. वर्तमानपत्रांत वारंवार येणारे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ते रासायनिकदृष्ट्या निराळे द्रव्य आहे, पण कूळ तेच, उत्तेजक द्रव्यांचे. पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत २०२४ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी उघडकीस आणलेला मोठा साठा मेफेड्रोनचा होता.

प्रारंभीच एक प्रमाणही नोंदवते, म्हणजे भीतीला आवश्यक तेवढीच जागा मिळेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या १४.६ टक्के होते, तर अॅम्फेटामाइन वर्गातील उत्तेजके घेणाऱ्यांचे केवळ ०.१८ टक्के. म्हणजे आपल्या देशात आजही सर्वाधिक घरे दारूच मोडते. मग या लहान आकड्यासाठी आपला वेळ का घ्यावा? मला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले, हे द्रव्य आता आपल्या आसपास पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात आणि अधिक स्वस्त उपलब्ध होत आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. हे व्यसन आपल्यासारख्या घरांत बहुधा दुर्गुणाच्या दाराने येत नाही. ते कर्तबगारीच्या दाराने येते.

मराठीत ‘उसने अवसान आणणे’ असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. अंगात बळ नसताना असल्याचा आव आणणे, असा त्याचा अर्थ. मेथॅम्फेटामाइन म्हणजे शब्दशः उसने अवसान. उसने घेतलेले कधीतरी फेडावे लागते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. परंतु हे कर्ज कोणी, कोणाला आणि कशासाठी दिले, याचा इतिहास उद्बोधक आहे.

चिनी वैद्यकात ‘माहुआंग’ या वनस्पतीचा उपयोग दम्यासाठी फार जुन्या काळापासून होत आला आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये त्या वनस्पतीतून इफेड्रिन हा घटक वेगळा केला आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामाइन तयार केले. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी त्याचे स्फटिक बनवले. १९३८ मध्ये जर्मनीत ते ‘पर्व्हिटिन’ या नावाने औषधाच्या दुकानांत आले. १९४० च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जर्मन सैन्याला आणि हवाई दलाला या प्रकारच्या साडेतीन कोटींहून अधिक गोळ्या पुरवण्यात आल्या. सैनिक दिवसरात्र चालत राहिले, वैमानिक झोपेविना विमाने चालवत राहिले. दुष्परिणाम लक्षात आल्यावर पुढच्याच वर्षी जर्मनीने ते अफूविषयक कायद्याच्या कक्षेत आणले.

जपानची कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. तेथे हेच औषध १९४१ मध्ये ‘फिलोपॉन’ या नावाने विक्रीस आले. जपानी उच्चारात ते ‘हिरोपॉन’. हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून घेतले, त्याचा अर्थ ‘श्रमाची आवड असलेला’ असा होतो. पालकहो, या नावापाशी क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. थकवा घालवणारे, कामाचा उत्साह वाढवणारे औषध म्हणून कारखान्यांतील कामगार आणि सैनिक यांना ते मिळत होते. युद्ध संपले तेव्हा मोठे साठे शिल्लक होते आणि ते बाजारात आले. उद्ध्वस्त शहरांत रात्रंदिवस राबणारे मजूर, रात्रीच्या कार्यक्रमांतले कलावंत, मुदतीत मजकूर देण्यासाठी जागणारे लेखक आणि अभ्यास करणारे विद्यार्थी ते घेऊ लागले. १९५१ मध्ये जपानला स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात त्या कायद्याखाली ५५ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. नंतर कायदा कडक झाला, रुग्णालयांत उपचारांची सोय वाढली, जनजागरण झाले आणि देशात रोजगारही वाढला. १९५८ पर्यंत अटकेची संख्या काही शेकड्यांवर आली. सत्तरच्या दशकात मात्र लाट पुन्हा उसळली.

थायलंडमध्येही असेच घडले. तेथे या गोळीला पूर्वी ‘यामा’, म्हणजे घोड्याचे औषध, म्हणत. रात्रभर मालमोटार हाकणारे चालक आणि शेतमजूर घोड्यासारखे काम व्हावे म्हणून ती घेत. पुढे तिचे परिणाम पाहून सरकारने १९९६ मध्ये तिचे नाव ‘याबा’, म्हणजे वेडाचे औषध, असे केले. जर्मन सैनिक, जपानी कामगार, थाई चालक यांच्यापैकी बहुतेकांनी पहिली गोळी चैनीसाठी घेतली नव्हती. ती त्यांनी कामासाठी घेतली होती. आपण आपल्या मुलांना ज्या गुणांसाठी शाबासकी देतो, म्हणजे जागणे, राबणे, न थकणे, तेच गुण हे द्रव्य काही तासांसाठी उसने देते. आणि म्हणूनच आपल्याला ते ओळखता येत नाही.

आता हे आपल्या दारापर्यंत कसे येते ते पाहू. म्यानमारच्या शान प्रांतात आज जगातील मेथॅम्फेटामाइन उत्पादनाचे एक मोठे केंद्र आहे. तेथील दीर्घ यादवी आणि २०२१ मधील लष्करी उठाव यांनंतर ते अधिकच फोफावले. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाच्या अहवालांनुसार पूर्व आणि आग्नेय आशियात २०२३ मध्ये १९० टन, तर २०२४ मध्ये २३६ टन मेथॅम्फेटामाइन पकडले गेले. मिझोरामचे चंफाई, मणिपूरचे मोरे ही सीमेवरील ठिकाणे या व्यापाराच्या वाटेवर आहेत. सागरी मार्गही आहेच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अंदमानच्या समुद्रात भारतीय तटरक्षक दलाने एका म्यानमारी मासेमारी नौकेतून पाच हजार किलोंहून अधिक मेथॅम्फेटामाइन पकडले. त्या दलाची तोवरची ती सर्वांत मोठी जप्ती होती.

या व्यापारातली दुसरी बाजू आपल्याला अधिक अस्वस्थ करणारी आहे. सर्दीवरील औषधांत वापरले जाणारे स्यूडोइफेड्रिन आणि त्याचेच भावंड असलेले इफेड्रिन हा या द्रव्याचा कच्चा माल आहे. अनेक वर्षे भारतात बनलेल्या सर्दीच्या गोळ्या ईशान्येकडून चोरट्या मार्गाने म्यानमारमध्ये जात होत्या. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका औषधकारखान्यातून १८ टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले होते. औषधनिर्मितीसाठी जगभर नाव मिळवलेल्या आपल्या या शहरात अनेक माजी विद्यार्थी याच उद्योगात मोठ्या पदांवर आहेत. त्यांना मी वेगळे काय सांगावे? गोदामाच्या वहीतल्या प्रत्येक किलोचा हिशेब लागणे ही केवळ कागदी औपचारिकता नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. एक किलो मेथॅम्फेटामाइन बनवताना पाच-सहा किलो विषारी कचरा मागे उरतो आणि तो ओढ्यात किंवा शेतात ओतला जातो, हेही येथे नोंदवून ठेवते.

आता शरीरात आणि मनात काय होते ते थोडक्यात सांगते. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन असते. भूक लागली असताना गरम भात पुढे यावा, परीक्षेचा निकाल चांगला लागावा, आवडत्या माणसाने हाक मारावी, अशा वेळी ते थोडेसे स्रवते. ‘हे चांगले आहे, हे पुन्हा कर’, असा त्याचा निरोप असतो. काम होताच पेशी ते परत गोळा करून ठेवतात. मेथॅम्फेटामाइन या पेशींत शिरून साठवणीचे रसायन एकदम बाहेर लोटते आणि परत गोळा करण्याची वाटही अडवते. कोकेनचे शरीरातील प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते. या द्रव्याला त्यासाठी दहा-बारा तास लागतात. म्हणून माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस झोपत नाही, जेवत नाही आणि तरीही आपण अजिंक्य आहोत असे त्याला वाटते.

मग फेड सुरू होते. आधी गाढ, आजाऱ्यासारखी झोप. त्यानंतर खोल उदासी. वारंवार सेवन केल्यावर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढलेलेच राहतात. ऐन तारुण्यात पक्षाघात किंवा हृदयाच्या स्नायूंचा विकार होऊ शकतो. तोंड कोरडे पडते, दात खाण्याची सवय लागते, दात किडतात आणि झिजतात. वजन उतरते. कातडीखाली किडे चालत असल्याचा भास होऊन माणूस स्वतःला ओरबाडतो. संशय बळावतो : कोणीतरी पाठलाग करत आहे, फोन ऐकत आहे, अन्नात काही घालत आहे. पण माझ्या मते सर्वांत क्रूर परिणाम दिसत नाही. मेंदूला इतक्या मोठ्या आवाजाची सवय होते, की साधे सुख त्याला ऐकूच येईनासे होते. गरम भात, चांगला निकाल, आवडत्या माणसाची हाक हे सारे फिके पडते. माणसाचे आयुष्य ज्या लहानसहान गोष्टींवर तग धरते, त्याच गोष्टी हे द्रव्य आधी काढून घेते.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेल्या कारणाकडे येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि सांगण्यास त्या कुटुंबाची संमती आहे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दवाखान्यातले सगळे रुग्ण गेल्यावर एक वृद्ध गृहस्थ आत आले. सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. गणेशोत्सवात ते आम्हा मुलांचे पाठांतर घ्यायचे. खुर्चीवर बसण्याआधीच ते म्हणाले, “अगं, फाइलवर नाव नको लिहूस.”

मी म्हटले, “काका, आधी बसा तर खरे.”

त्यांचा मुलगा संगणकक्षेत्रात होता. परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी, कामाचा प्रचंड ताण. एका सहकाऱ्याने त्याला ‘जागायला मदत होते’ म्हणून पहिल्यांदा हे दिले. त्याने दोन रात्री न झोपता काम संपवले आणि त्याला कौतुकाचे पत्र आले. काकांनी ते पत्र चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावले. पुढे आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. नोकरी गेली. मुलगा खोलीची खिडकी वर्तमानपत्राने झाकून बसू लागला आणि भिंतीत कॅमेरे लपवले आहेत म्हणून प्लास्टर खरवडू लागला. एका रात्री त्याने आईवर हात उगारला.

मी विचारले, “काका, हे कधीपासून?”

ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात सव्वा वर्ष होईल.”

या सव्वा वर्षात त्या घराने नातेवाइकांना आधी टायफॉइड सांगितला, मग कावीळ, मग ‘घरून काम करतो’. बहिणीच्या लग्नाची बोलणी लांबवली. काकूंनी हळदीकुंकवाला जाणे सोडले, कारण तेथे मुलाची चौकशी होई. काकांनी भविष्य निर्वाह निधीचे पैसे देणेकऱ्यांना दिले. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. या एका बाबतीत ती म्हण खोटी आहे. मूठ जितके दिवस झाकलेली राहिली, तितका आतला माणूस झिजत गेला.

त्यांच्या बोलण्यातले एक वाक्य अजून मनातून गेलेले नाही. “गावी असतो तर एक वेळ सांगितलं असतं गं,” ते म्हणाले. “इथे आपली माणसं ती केवढी? एकाला कळलं की सगळ्यांना कळतं.” म्हणजे ज्या जवळिकीचा आपल्याला अभिमान आहे, परक्या प्रांतात सणासुदीला एकत्र येणारा हा लहानसा समाज, हाच त्यांना सर्वांत भीतीदायक वाटत होता. सभागृहाच्या बाहेरचे नसलेले कारण ते हेच.

त्या मुलाला काही दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. झोप आणि औषधे यांनी भ्रम ओसरले. पण भ्रम जाणे म्हणजे व्यसन जाणे नव्हे. या व्यसनासाठी अद्याप सर्वमान्य असे एकही औषध नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्झोनचे इंजेक्शन आणि ब्युप्रोपियनच्या गोळ्या यांच्या जोडीने १३.६ टक्के रुग्णांना लाभ झाला. नुसते औषधासारखे दिसणारे काही दिलेल्या गटात हे प्रमाण २.५ टक्के होते. आशा आहे, पण ती एवढीच. म्हणून उपचाराचा मुख्य आधार आजही समुपदेशन हाच आहे : मोह कधी, कोठे, कोणाच्या संगतीत होतो ते ओळखणे, दिवसाचे वेळापत्रक नव्याने बांधणे, व्यायाम, कुटुंबाचे मार्गदर्शन. तपासणीत द्रव्य न आढळल्यास लहानसे बक्षीस देण्याची एक पद्धत आहे. ऐकायला ती पोरकट वाटते, परंतु या व्यसनात तिचा उपयोग अभ्यासांतून चांगला सिद्ध झाला आहे. ‘साध्या चांगल्या गोष्टीचा आनंद होतो’, हे विसरलेल्या मेंदूला ते पुन्हा शिकवावे लागते. बहुधा म्हणूनच तिचा उपयोग होत असावा.

चौथ्या महिन्यात तो मुलगा एकदा घसरला. काका संतापले, सगळे पाण्यात गेले असे म्हणाले. मी त्यांना सांगितले, मधुमेह्याची साखर एकदा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, उपचार तपासतो. पहिले काही आठवडे उदासी इतकी खोल असते, की आत्महत्येचा धोका संभवतो. तेव्हा टाकून बोलणे म्हणजे कड्यावर उभ्या असलेल्याला धक्का देणे.

नवव्या महिन्यातली गोष्ट काकूंनी मला सांगितली. सकाळी तो चहा घेत होता. घोट घेऊन सहज म्हणाला, “आई, आज चहा छान झालाय.” काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि पदराआड रडल्या. कित्येक महिन्यांत त्याला कशाचीही चव लागली आहे असे त्याच्या तोंडून आले नव्हते. शास्त्राच्या भाषेत याला आधार आहे. नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोजक्या व्यक्तींच्या मेंदूंची प्रतिमाचित्रे घेतली होती. बारा ते सतरा महिने द्रव्यापासून दूर राहिलेल्यांच्या मेंदूत डोपामिन परत गोळा करणाऱ्या रचना बऱ्याच सावरलेल्या दिसल्या. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तितकी सुधारणा नव्हती. म्हणजे मेंदू सावरतो, पण वेळ घेतो आणि सगळे परत देईलच असे नाही. तो मुलगा आज दिवसपाळीची, कमी पगाराची नोकरी करतो. ‘बरा झाला’ असे मी म्हणत नाही, तोही म्हणत नाही. आजचा दिवस नीट गेला, असे म्हणतो. आणि त्या बैठकीच्या खोलीतली चौकट काकांनी उतरवली आहे.

समाजाने या प्रश्नाकडे कसे पाहावे? एक वाट थायलंडने २००३ मध्ये घेतली. अमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारले गेले आणि पहिल्या तीन महिन्यांत सुमारे २,८०० माणसे मारली गेली. पुढे सरकारी चौकशीत त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांचा या व्यापाराशी संबंधच नव्हता असे आढळले. गोळ्या मात्र थायलंडमध्ये आजही मिळतात. जपानने पन्नासच्या दशकात घेतलेली वाट निराळी होती : व्यापाऱ्याला कायदा, व्यसनीला उपचार, तरुणांना काम. तीही कायमची पुरली नाही, परंतु तिने एक पिढी सावरली.

आपल्या कायद्यातही उपचाराची वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४ अ या कलमानुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. काकांना वाटणारी फाइलची भीती मला कळते, पण ती फाइल उघड्यावर ठेवण्याची मला परवानगी नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. स्मरणिका हाती आल्यावर हा क्रमांक उतरवून घ्यावा, ही विनंती.

मराठी समाजाला या कामाची परंपराही आहे. ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने शहरांतली मुले गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच्या उभारणीस पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक पाठबळ दिले. ज्यांनी उभ्या महाराष्ट्राला हसवले, त्यांना या दुःखाच्या जवळ जाताना संकोच वाटला नाही. आपल्यालाही तो वाटू नये.

पालकहो, तुम्ही मला लक्षणे विचाराल. दोन-तीन रात्री जागरण आणि मग दिवसभर झोप, भराभर उतरणारे वजन, सतत हलणारा जबडा, अंग ओरबाडणे, अकारण संशय, पैशांची न जुळणारी कारणे. पण यांतली काही लक्षणे परीक्षेच्या ताणात, नैराश्यात, थायरॉइडच्या विकारातही दिसतात. म्हणून दप्तरे उचकटू नका. पोलिसी नजरेने विचारलेल्या प्रश्नाला मूल पोलिसाला देतात तेच उत्तर देते. शांत वेळ पाहून, एकट्याने, एवढेच म्हणा : “तू बरा दिसत नाहीस. मला काळजी वाटते. काहीही असलं तरी मी तुझ्याबरोबर आहे.” आणि मग गप्प राहा. आई-वडिलांना गप्प राहणे सर्वांत अवघड जाते, हे मी माझ्याच घरात अनुभवते. मूल हिंसक झाले, भ्रमात गेले किंवा जीव देण्याची भाषा करू लागले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा.

याहूनही आधीची एक गोष्ट आहे. आपण घरात कशाचे कौतुक करतो ते तपासू या. ‘माझी मुलगी रात्री दोनपर्यंत अभ्यास करते’, हे आपण अभिमानाने सांगतो. ‘ती दहाला शांत झोपते’, हे सांगताना आपला आवाज का खाली येतो? न थकणारा माणूस हा आदर्श नव्हे. तो थकव्याची सूचना ऐकू न येणारा माणूस आहे. आमच्या बाई सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात सांगत, “आज पुस्तक मिटा आणि लवकर निजा. जेवढं आलं तेवढं लिहा.” तेव्हा आम्हाला ते बाईंचे साधे बोलणे वाटे. आज माझ्या व्यवसायात मी त्याहून चांगला प्रतिबंधक उपाय सांगू शकत नाही.

माजी विद्यार्थी संघाला माझी एकच विनंती आहे. महोत्सवासाठी आपण निधी जमवला, वास्तूला रंग दिला, हे उत्तमच झाले. त्याबरोबर आपल्यातील डॉक्टर, समुपदेशक, वकील आणि या वाटेवरून परत आलेली माणसे यांची एक लहानशी मंडळी असावी. महिन्यातून एक संध्याकाळ, शाळेच्याच एका खोलीत, तिने बसावे. फलक नको, नोंदवही नको. आलेल्याने नाव सांगितले नाही तरी चालेल. सांगितले तर ते त्या खोलीबाहेर जाणार नाही. मी पहिल्या शनिवारपासून येण्यास तयार आहे. काकांना मी हे विचारले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मीही येऊन बसेन. कुणी माझ्यासारखा आला तर त्याला पाणी तरी देईन.”

या लहानशा समाजात एकाला कळले की सगळ्यांना कळते, हे काकांचे म्हणणे खरेच आहे. आता सगळ्यांना कळल्यावर काय होते, एवढेच आपल्या हाती आहे. साठ वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी मुलांची भाषा हरवू नये म्हणून ही खोली बांधली. त्याच खोलीत आज एखादे मूल किंवा एखादा बाप न घाबरता आपले दुःख मराठीत सांगू शकला, तर त्या वडीलधाऱ्यांना आनंदच होईल.